चाळ रिकामी करताना: जुनं सामान ऑनलाइन विकावं का, घ्यावं का?

गिरगावातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची चाळ पुनर्विकासाला निघालीय आणि दोन महिन्यांत खोली रिकामी करून द्यायचीय. खोलीत सासूबाईंच्या काळचा सागवानी पलंग, गोदरेजचं लोखंडी कपाट, पायाचं शिवणयंत्र, माळ्यावर पितळेची भांडी, शिवाय मुलाची मोटरसायकल आणि दोन जुने मोबाइल. भाड्याची जागा डोंबिवलीत मिळालीय. तिथे फ्रिज आणि वॉशिंग मशीन लागणार. मुलगा म्हणतो, इथलं सगळं ऑनलाइन विकू आणि तिथलं ऑनलाइनच जुनं घेऊ. यजमान म्हणतात, फसशील, त्यापेक्षा भंगारवाल्याला बोलाव. कोणाचं ऐकायचं?

ताई, दोघांचंही निम्मं निम्मं. मी मूळचा फ्रिज-एसीचा मेकॅनिक. परळला दुसऱ्याच्या दुकानात अकरा वर्षं काढली आणि गेली चौदा वर्षं जुन्या घरांतलं सामान विकून देण्याचं काम करतो. माझं स्वतःचं घरही बहुतेक जुन्याच वस्तूंनी भरलंय. (मिक्सर तेवढा नवा आहे, तो बायकोने हट्टाने घेतला.) एवढ्या वर्षांत माझा एकच नेम ठरलाय: इंटरनेट माणूस सापडेपर्यंत वापरायचं. माणूस सापडला की पुढचा व्यवहार आपल्या आज्या बोहारणीशी करायच्या तसा. ती साडीची जर बोटांनी चाचपायची, आजी पातेलं उंबऱ्यावर वाजवून बघायची, आणि दोघी समोरासमोर बसलेल्या असायच्या. न बघता, न वाजवता त्या दोघींनी कधी काही दिलं-घेतलं नाही. ऑनलाइन फसून माझ्याकडे आलेल्या जवळजवळ सगळ्यांनी तेवढी एक पायरी गाळलेली होती.

आधी फायद्याचं बोलू, कारण तो खरा आहे. भंगारवाला सगळ्याकडे वजनाने बघतो. सागवानी पलंग त्याच्या लेखी लाकूड, गोदरेजचं कपाट त्याच्या लेखी पत्रा. दोन वर्षांपूर्वी लालबागच्या एका घरातल्या पलंगाला दारावर आलेल्याने दीड हजार सांगितले होते. तोच पलंग ठाण्यातल्या एका जोडप्याने चौदा हजारांना नेला आणि वर आभार मानले, कारण तशा जाडीचं साग त्यांना नवीन घ्यायला परवडलं नसतं. हा फरक पडतो तो एवढ्याचसाठी की ज्याला ती वस्तू वापरायचीय तो माणूस तुमच्या गल्लीत राहत नाही. तो ठाण्यात, पनवेलला किंवा विरारला असतो. त्याच्यापर्यंत पोचायला पूर्वी ओशिवऱ्याचा फर्निचरवाला नाहीतर चोर बाजारातला दलाल लागायचा, आणि मधला मलिदा त्याचा. आता तो तुमचा.

पण त्या चौदा हजारांमागे काय होतं तेही ऐका. एकोणीस दिवस. चाळीसच्या आसपास निरोप, त्यातले निम्मे नुसते ‘अवेलेबल आहे का’ एवढं विचारून गप्प झालेले. पाच जण बघायला येतो म्हणाले, दोन आले. एकाने बघून, बसून, चहा पिऊन ‘आईला विचारून सांगतो’ म्हटलं आणि गेला तो गेलाच. तुमच्याकडे दोन महिने आहेत, म्हणून आजच सुरुवात करा. शेवटच्या आठवड्यात विकायला काढाल तर समोरच्याला तुमची घाई वासाने कळते.

आणि सगळं ऑनलाइन टाकू नका. प्लायवूडची कपाटं, कापसाच्या गाद्या, जुना डब्बा टीव्ही, काचेचं शोकेस या वस्तूंचा फोटो काढण्याइतकाही वेळ घालवू नये. प्लायवूड एकदा खोलून पुन्हा जोडलं की स्क्रू धरत नाही, आणि मुंबईच्या चार पावसाळ्यांत त्याच्या कडा फुगलेल्या असतातच. गाद्यांना ढेकणांच्या भीतीने कोणी हात लावत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. बंद टीव्ही आणि बिघडलेला फ्रिज ई-कचरा घेणाऱ्याला द्या. भंगारवाला ते फोडून तांबं काढतो आणि उरलेलं कुठे टाकतो ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही.

आता जिन्याचं. हा विषय जाहिरातीत कोणी लिहीत नाही आणि सगळे व्यवहार तिथेच मोडतात. गिरगावच्या चाळीचा लाकडी जिना, त्याला मधे वळण, आणि सहा-साडेसहा फुटी लोखंडी कपाट. अशी कपाटं बऱ्याचदा वर चढवलेली असतात तीच मुळी गॅलरीतून, दोर बांधून. उतरवायचीही तशीच. त्याला चार हमाल लागतात, आणि ते मजल्यामागे पैसे घेतात. गिऱ्हाईक कपाटाचे सात हजार कबूल करून येतं, खाली उभं राहून वर बघतं, हमाली आणि छोट्या हत्तीचं, म्हणजे छोट्या टेम्पोचं, भाडं मनात धरतं आणि म्हणतं, ‘चार हजारांत द्या.’ ते लबाड नसतं, त्याचा हिशोबच तसा बसतो. म्हणून जाहिरातीतच लिहा: दुसरा मजला, लिफ्ट नाही, उतरवण्याचा खर्च घेणाऱ्याचा. वस्तूची लांबी-रुंदी-उंची टेपने मोजून फुटांत द्या, म्हणजे त्यालाही आपल्या सोसायटीची लिफ्ट मोजून ठेवता येते. पलंग घरीच सुटा करून, प्रत्येक भागावर खडूने खूण करून ठेवा, पण खोलण्याआधी जोडलेला फोटो जरूर काढा. सुट्या फळ्यांच्या फोटोला भाव येत नाही.

गोदरेजच्या कपाटाची एक गंमत सांगतो. शनिवारी लोखंड घरात घेत नाहीत, हे मानणारे आपल्यात अजून पुष्कळ आहेत. शनिवारी सुटी म्हणून बघायला येतात, पैसे ठरवतात आणि ‘उद्या नेतो’ म्हणतात. त्याला टाळाटाळ समजू नका. पलंगाबाबत मात्र उलट प्रश्न येईल: ‘कोणाचा होता?’ म्हणजे त्यावर कोणी गेलं का, हे विचारायचं असतं. खरं ते सांगा. एकदा एका घराने लपवलं, शेजारच्या आजींनी गॅलरीतून सांगून टाकलं, आणि भरलेला टेम्पो रिकामा झाला.

फोटोंबद्दल मुलाला एवढंच सांगा की सकाळच्या उजेडात काढ, ओरखडा आणि गंज असेल तिथला जवळून काढ, आणि मागे काय दिसतंय ते बघ. देव्हाऱ्यातली चांदी, कपाटाला लटकलेल्या किल्ल्या, दारावरची पाटी असं काही त्यात येता कामा नये. फोन नंबर जाहिरातीत टाकू नका, साइटच्याच चॅटवर बोला. बघायला येणार असेल तर घरी दोन माणसं असताना बोलवा. चाळीत तसं कोणी एकटं नसतंच, तो तुमचा मोठा फायदा आहे. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये तो नसेल.

फसवणुकीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यजमानांची भीती खोटी नाही. पण ती चुकीच्या जागी आहे. त्यांना वाटतं येणारा माणूस लुटेल. येतो तो सहसा लुटत नाही. लुटतो तो, जो येतच नाही.

जाहिरात टाकल्यावर पाच-दहा मिनिटांत पहिला फोन आला आणि त्याने भाव केला नाही, तर कान टवकारा. मुंबईत जुनी वस्तू घेणारा माणूस घासाघीस न करता हो म्हणत नाही. तसं झालं तर समोर गिऱ्हाईक नाही. पुढचं बोलणं ठरलेलं असतं. मी फौजेत आहे, किंवा सीआयएसएफमध्ये आहे, बदली झालीय, मला यायला जमणार नाही, माझा माणूस टेम्पो घेऊन येईल, पैसे आत्ताच पाठवतो. गणवेशातला फोटो येतो, ओळखपत्र येतं. ते बहुधा दुसऱ्याच कोणाचं तरी चोरलेलं असतं. मग विश्वासासाठी तो एक-दोन रुपये पाठवतो, ते खरंच जमा होतात. नंतर क्यूआर कोड पाठवतो: ‘हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील.’ आणि जातात.

यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो द्यायला, नाहीतर स्वतःची शिल्लक बघायला. घरात ज्यांच्या ज्यांच्या फोनवर यूपीआय आहे त्या सगळ्यांना हे एक वाक्य पाठ करून घ्यायला लावा, सासूबाईंनाही. पूर्वी क्यूआरऐवजी पैसे मागणारी ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ पाठवायचे. माणसामाणसांमधली ती सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, पण क्यूआरची चाल अजून चालतेच.

दुसरा प्रकार म्हणजे खोट्या मेसेजचा. ‘पंधराशेऐवजी चुकून पंधरा हजार गेले हो, बाकीचे परत करा, आई दवाखान्यात आहे.’ मोबाइलवर बँकेसारखा दिसणारा एसएमएस आलेला असतो, पण खात्यात दमडी आलेली नसते. एसएमएस आणि स्क्रीनशॉट यांवर काहीही सोडू नका. बँकेचं अॅप स्वतः उघडून शिल्लक बघा, मग वस्तूला हात लावू द्या. कुरिअरच्या नावाने लिंक आली, एखादी फाइल उतरवून घ्या म्हणाले, स्क्रीन शेअर करा म्हणाले, तर बोलणं तिथेच थांबवा. आणि तुम्ही घेणाऱ्याच्या भूमिकेत असाल तेव्हा याचीच उलटी आवृत्ती येते: ‘चार जण मागे लागलेत, हजार रुपये टोकन टाका, तुमच्यासाठी ठेवतो.’ न बघितलेल्या वस्तूला टोकन द्यायचं नाही. हातची गेली तर जाऊ द्या. या शहरात दुसरा फ्रिज मिळतोच.

गेलेच पैसे, तर लाजत बसू नका. लगेच १९३० ला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. ते बाहेर काढले जाण्याआधी पकडले तर गोठवता येतात. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी वीस मिनिटांत फोन केला, त्यांचे बरेचसे वाचले. त्यांच्या दिरांनी ‘आधी मीच त्याला फोन करून बघतो’ म्हणत रात्र घालवली असती तर काही उरलं नसतं.

एक धोका मात्र असा आहे की तो प्रामाणिक विकणाऱ्यालाही गाठतो, आणि त्याबद्दल फार कोणी बोलत नाही. दुसऱ्या कोणाला फसवून मिळवलेल्या पैशांतून तुमची वस्तू विकत घेतली गेली, तर ते पैसे शोधत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक ती रक्कम, कधी अख्खं खातंच, अडकवून ठेवते. माझं स्वतःचं खातं एकदा असं सात आठवडे अडकलं होतं, एका एसीच्या साडेअकरा हजारांपायी, आणि तक्रार दुसऱ्याच राज्यातली. मी सुटलो ते कागदांमुळे: जाहिरातीचा स्क्रीनशॉट, चॅट, एसीचं मूळ बिल आणि घेणाऱ्याने सही केलेली पावती. तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. पैसे समोर उभ्या असलेल्या माणसाच्याच नावाच्या खात्यातून घेतो. ‘माझा मित्र पाठवेल’ चालत नाही. आणि दोन हजारांच्या वरच्या प्रत्येक वस्तूला साध्या कागदावर पावती करतो. त्यावर तारीख, वेळ, वस्तू, तिचा क्रमांक असेल तर तो, रक्कम, दोघांच्या सह्या. ओळखपत्र बघतो, आधारची प्रत मात्र घेत नाही आणि देतही नाही. द्यायचीच वेळ आली तर शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार असतं, ते द्यावं.

मोबाइलला या पावतीवर आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनची ओळख सांगणारा आकडा, हवाच. तो स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की दिसतो. विकण्याआधी मुलाला आधी गुगल खात्यातून बाहेर पडायला सांगा आणि मग फोन कोरा करायला. उलट्या क्रमाने केलं तर नवा मालक फोन चालू करतो तेव्हा तो जुन्याच खात्याचा पासवर्ड मागू शकतो आणि रात्री अकराला तुमची बेल वाजते. आयफोनलाही तसंच, ‘फाइंड माय’ बंद केल्याशिवाय तो पुढच्या माणसाच्या कामाचा नाही. सिम, मेमरी कार्ड, बँकेची अॅप्स काढलीत ना, तेही बघा. हा व्यवहार घरी करू नका. चर्नी रोडच्या तिकीट खिडकीपाशी नाहीतर दादरला इंडिकेटरखाली, दिवसाउजेडी. मुंबईचं अर्धं जुनं मार्केट तसंही स्टेशनांवरच चालतं.

घेणार असाल तर विकत घेण्याआधी आयएमईआय तपासा. इंग्रजीत केवायएम (KYM), मग जागा सोडून तो पंधरा आकडी क्रमांक, असा एसएमएस १४४२२ ला पाठवला की फोन कुठला, काळ्या यादीत आहे का ते कळतं. दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवरही बघता येतं. चोरीचा माल माहीत असून घेणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. माहीत नव्हतं म्हणून गुन्ह्यातून सुटाल, पण वस्तू तुमची होत नाही. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असतो तेवढाच तुमच्याकडे येतो, आणि चोराकडे तो नसतोच. हप्त्यावर घेतलेले फोनही असेच: हप्ता थकला म्हणून कर्ज देणाऱ्या कंपनीने फोन लांबूनच बंद केल्याचं घडलंय. बिल आणि हप्ते फिटल्याचा कागद नसेल तर भाव कितीही गोड असो, सोडा.

मोटरसायकल. ताई, बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण हे मुलाला बसवून वाचायला लावा. किल्ली आणि आरसी बुक दिलं म्हणजे गाडी विकली, असं आपण समजतो. कायदा तसं समजत नाही. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तो मालक. सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात पहिल्या मालकाने गाडी २००७ मध्ये विकली होती, ती पुढे हातोहात गेली आणि २००९ मध्ये तिचा अपघात झाला. नोंद अजून पहिल्याच्याच नावावर होती. न्यायालयाने २०१८ मध्ये भरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकली. शिवाय तोवरचे ई-चलान तुमच्याच मोबाइलवर वाजत राहतात.

म्हणून मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरून घ्या, घेणाऱ्याचं नाव-पत्ता त्यात लिहून, आणि राज्यातल्या राज्यात असेल तर विक्रीपासून १४ दिवसांत आरटीओला कळवा. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देऊ नका. दलाल हमखास मागतात, कारण त्यांना मधे स्वतःचं नाव न लावता गाडी पुढे विकायची असते. गाडी दुकानदारालाच द्यायची असेल तर तो परिवहन खात्याने अधिकृत केलेला आहे का विचारा. १ एप्रिल २०२३ पासून तशी नोंदणीची सोय झालीय आणि अशा डीलरकडे गाडी सोपवल्याची नोंद ऑनलाइन होते. कर्ज होतं तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ आधी. गाडी १ एप्रिल २०१९ च्या पूर्वीची असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवल्याशिवाय नावबदल होणार नाही. घेणारा परराज्यातला असेल तर आणखी आरटीओच्या ना-हरकतीचा फॉर्म २८ लागतो. खरं सांगायचं तर दोन महिन्यांच्या मुदतीत तशा गिऱ्हाइकाच्या नादी लागूच नका, एमएच-०१ ची गाडी घेणारे मुंबई-ठाण्यात भरपूर आहेत. आणि विम्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो मुलाचा आहे. विमा कंपनीकडून पत्र घेऊन ठेवलं तर पुढच्या गाडीला वापरता येतो.

आता डोंबिवलीच्या घरासाठी घ्यायच्या वस्तू. इथे माझा जुना धंदा बोलतो. फ्रिज जुना घ्यायला हरकत नाही. पण पाच-सहा वर्षांपेक्षा जुना नको, आणि मागच्या पट्टीवरचा वर्ष-महिना स्वतः वाचा. लोक ‘दोनच वर्षं झालीत’ म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा आपण या घरात येऊन दोन वर्षं झालीत असं म्हणायचं असतं. पंचतारांकित आहे म्हणून हुरळू नका. तारे ठरवणाऱ्या बीईई या सरकारी संस्थेचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, तेव्हाचे पाच तारे आज तीन भरतील. लेबलावर कोणत्या वर्षांचं ते छापलेलं असतं.

बघायला जाण्याआधी फ्रिज चार-पाच तास चालू ठेवायला सांगा, आणि गेल्यावर पहिल्यांदा मागे हात लावा. कॉम्प्रेसर कोमट हवा, चटका देणारा नको. दारात दहाची नोट धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर रबर गेलंय. खाली वाकून पायांकडचा पत्रा बघा. समुद्राजवळच्या घरातले फ्रिज तिथून कुजतात, आणि दादर-माहीमच्या किनाऱ्यावरचा फ्रिज मी कल्याणच्या फ्रिजपेक्षा दोन वर्षं म्हातारा धरतो. मागच्या नळ्यांवर नव्या झाळणीच्या खुणा दिसल्या तर गॅस भरलेला आहे. का भरला ते विचारा. अलीकडच्या फ्रिजमध्ये आर-६००ए नावाचा ज्वालाग्राही गॅस असतो, तो कोणाही शिकाऊ पोराकडून भरून घ्यायचा नसतो. आणताना फ्रिज उभाच आणा. आडवा आणावाच लागला तर घरी उभा करून काही तास तसाच राहू द्या, कॉम्प्रेसरचं तेल खाली उतरायला वेळ लागतो. मग चालू करा.

वॉशिंग मशीन न चालवता घ्यायचंच नाही. बादलीभर ओले कपडे घालून पिळायला लावा. ड्रम हाताने फिरवताना घरघर आली तर बेअरिंग जातंय, आणि फ्रंट लोडमध्ये त्याची दुरुस्ती एवढी महाग पडते की स्वस्त मशीन महाग होतं. फ्रंट लोडच असेल तर आणताना ड्रम बांधणारे ट्रान्झिट बोल्ट मागे लावायचे असतात. विकणाऱ्याने ते कधीच फेकलेले असतात, म्हणून तुम्ही टॉप लोड बघा. स्प्लिट एसी मात्र जुना घेऊ नका. काढणं, लावणं, तांब्याची नळी, गॅस हे धरलं तर स्वस्ताई तिथेच संपते. माझ्या या मतावर बरेच मेकॅनिक चिडतात. त्यांची कमाई त्यातच आहे, माझीही होती.

आणि सगळ्यात मोठी उणीव मान्य करा: घरगुती विकणाऱ्याकडून घेतलेल्या वस्तूला हमी नसते. ग्राहक आयोगाचा (पूर्वीच्या ग्राहक मंचाचा) कायदा धंदा म्हणून विकणाऱ्यांसाठी आहे. आपला वापरलेला फ्रिज एकदाच विकणाऱ्या शेजाऱ्याला तिथे खेचता येत नाही. म्हणून दुरुस्तीसाठी किमतीचा पाचवा हिस्सा मनाने बाजूला ठेवूनच भाव करा. तो धरूनही नव्यापेक्षा निम्म्यात पडत असेल तर घ्या, नाहीतर नवाच घ्या. खरेदीची वेळ जमली तर पितृपक्ष बघा. त्या पंधरवड्यात आपली माणसं घरात काही आणत नाहीत, विकणारे कंटाळलेले असतात. मी माझी स्कूटर त्यातच घेतली. आईने आठवडाभर तोंड फिरवलं होतं.

पितळेची भांडी घाईने काढू नका. घंगाळ, समई, पानाचा डबा यांना वजनापेक्षा जास्त मिळतं, आणि चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरचे दुकानदारही आता फोनवर जाहिराती बघत बसलेले असतात, त्यामुळे एकाच दिवसात तीन जणांनी विचारलं तर तुमचा भाव कमी लागलाय असं समजा. माळ्यावर जुनी दगडी किंवा पंचधातूची मूर्ती निघाली आणि ती शंभर वर्षांहून जुनी असावी असं वाटलं, तर ती ऑनलाइन टाकूच नका. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, आधी पुरातत्त्व खात्याकडे नोंदणीचं विचारा. शिवणयंत्राचं म्हणाल तर यंत्र बिघडलेलं असलं तरी बिडाचा खालचा सांगाडा हॉटेलवाले टेबल करायला नेतात, त्याचा वेगळा फोटो टाका. करांची काळजी नको, घरगुती वापराच्या वस्तू विकल्या तर त्यावर आयकर नाही. दागिने, चित्रं-शिल्पं अशा काही वस्तू मात्र त्यात धरत नाहीत.

गोदरेजचं कपाट देण्याआधी मात्र लॉकरच्या आतला चोरकप्पा उघडून बघा. बऱ्याच जुन्या कपाटांत तो असतो आणि ज्यांनी लावला ती माणसं कोणाला सांगून गेलेली नसतात. मागच्या वर्षी ताडदेवच्या एका कपाटात मला तिथे भाड्याच्या पावत्यांचं पुडकं मिळालं, १९६१ पासूनचं. खोलीच्या हक्काचा वाद त्याच घरात सहा वर्षं चालू होता.